आधी ठरलेली माणसं

माणूस समोर येण्याआधी त्याच्याविषयीचं आपलं मत बरंचसं तयार असतं. हे पाहायला मानसशास्त्राची प्रयोगशाळा लागत नाही. कारखान्यांची पाळी सुटण्याच्या वेळी पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत पुणे–नाशिक महामार्गावर अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे. रांग मोडून एक गाडी मध्ये घुसते. तिच्या पाटीवर एमएच २४ दिसलं की मागच्या गाडीतून लगेच ऐकू येतं, ‘लातूरवाले. यांना शिस्त म्हणून नाही.’ तीच गाडी एमएच १४ ची असली आणि चालवणारा ओळखीचा निघाला, तर ‘घाईत असेल बिचारा.’ आणि आपणच घुसलो तर? तर चाकणहून निघून दीड तास झालेला असतो, घरी कुणीतरी वाट बघत असतं, पुढचा टेम्पो उगाच जागा अडवून उभा असतो. तिन्ही वेळा घडलं ते एकच. परक्याच्या बाबतीत त्याचं कारण आपल्याला रक्तात सापडलं, ओळखीच्याच्या बाबतीत त्याच्या दिवसात आणि स्वतःच्या बाबतीत रस्त्यात.

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थिती विसरायची, या सवयीला ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एक मूलभूत चूक म्हटलं. दोन वर्षांनी टॉमस पेटिग्रू यांनी तोच विचार समूहांना लावला. परक्या समूहातला माणूस वाईट वागला तर ‘ते तसेच’, आणि चांगला वागला तर तो अपवाद. ‘बिहारचा आहे, पण हो, कामाला प्रामाणिक’ हे वाक्य आपल्याकडे रोज बोललं जातं. बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक करतोय. त्या ‘पण’मुळे एका माणसाची सुटका होते आणि बाकी सगळ्यांविषयीचं मत जागच्या जागी राहतं. हजार प्रामाणिक माणसं भेटली तरी हजार अपवाद जमा होतात, नियम हलत नाही.

या पुस्तिकेतले लेख त्या नियमाविषयी आहेत. तो येतो कुठून, टिकतो कशावर आणि हलतो कधी, हे मोशीत राहणाऱ्यांनी आपापल्या अनुभवातून लिहिलं आहे. त्यांच्याआधी थोडी जमीन साफ करावी, एवढंच या प्रस्तावनेचं काम.

मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं अशा ठरलेल्या मताचे, म्हणजे अभिवृत्तीचे, तीन भाग सांगतात: भावना, समज आणि कृतीकडे असलेला कल. आपल्याला वाटतं की आधी माहिती मिळते, तिच्यावरून मत बनतं आणि मग आवड-नावड ठरते. पुष्कळदा क्रम उलटा असतो. एका खोलीच्या दारात सहा जोड बूट दिसतात, सगळे सेफ्टी शूज. आतून भोजपुरी गाणं ऐकू येतं. जिना चढणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते आणि मग कारणं गोळा व्हायला लागतात: पाणी जास्त जाणार, रात्री-अपरात्री येणार-जाणार, वीजबिल वाढणार. यातलं एकही कारण खोटं नाही. सहा माणसांना पाणी लागतंच. पण वरच्या मजल्यावर सहा माणसांचं कुटुंब राहतं, त्याच्या पाण्याचा हिशेब कुणी मांडलेला नसतो. म्हणून पूर्वग्रह असलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही. त्याचं एक कारण खोडलं तरी आठी तशीच राहते, आणि ती दुसरं कारण शोधून आणते.

तरीही अभिवृत्ती म्हणजे रोग असं मी मानत नाही. चाकणच्या चौकात एसटीतून पहिल्यांदा उतरलेल्या पोराला कुणावर विश्वास ठेवायचा हे दहा मिनिटांत ठरवावं लागतं. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासून लांब राहायचं, आपल्या तालुक्याचा कुणी दिसला तर त्याला विचारायचं, ही शिकवण त्याला वाचवते. झटपट अंदाज बांधल्याशिवाय माणूस परक्या गावात जगू शकत नाही. अडचण पुढे येते. दहा मिनिटांसाठी बांधलेला अंदाज दहा वर्षं चालवला जातो.

मोशीत असा अंदाज इतका का टिकतो, हे समजायला गावाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. मोशी इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदीच्या मधे. ज्या पट्ट्यात आज ती मोडते तिथे कारखानदारी आली ती १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाल्यावर. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. मोशी आणि आसपासची गावं १९९७ मध्ये महापालिकेत आली. त्यानंतर पलीकडे चाकणला वाहन-उद्योग वाढत गेला आणि मोशी दोन औद्योगिक पट्ट्यांच्या मधलं राहण्याचं ठिकाण झालं. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाख १२ हजार होती, २०११ मध्ये ती १७ लाख २७ हजार झाली. दहा वर्षांत सात लाखांहून जास्त माणसं. एखाद्या आळीत वर्षाला एक घर नवं आलं तर त्या घराशी ओळख होते. वर्षाला दोनशे बिऱ्हाडं आली तर ओळख व्हायला वेळच उरत नाही, आणि ओळखीची रिकामी जागा मताने भरते.

आज मोशीत ढोबळमानाने तीन प्रकारचे लोक एकमेकांकडे बघतात. गाववाले, सोसायटीवाले आणि खोल्या-खोल्यांतून राहणारे भाडेकरू. भाडेकरूंत मराठवाड्यातले, खानदेशातले, विदर्भातले पुष्कळ. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातलेही. राज्य सरकारच्या नोकरीविषयक धोरणात १५ वर्षं महाराष्ट्रात राहणारा माणूस स्थानिक धरला जातो. त्या हिशेबाने नांदेडचा पोरगा पूर्ण स्थानिक. मोशीत तो ‘बाहेरचा’. आणि तोच पोरगा चार वर्षांनी पर्मनंट झाला की नव्याने आलेल्या कंत्राटी हेल्परला ‘हे बाहेरचे लोक’ म्हणायला लागतो. म्हणणारे बदलतात, मत आहे तसं पुढच्याच्या हाती जातं.

गाववाल्यांविषयीचं मतही तितकंच आधी ठरलेलं असतं, आणि त्याविषयी मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण शिकलेली माणसं ते मत निर्धास्तपणे बाळगतात. ‘गुंठामंत्री’ हा शब्द सोसायटीच्या ग्रुपवर सर्रास वापरला जातो. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, मोठी गाडी, बाप-आजाने कसलेली जमीन गुंठ्यांनी विकून आलेला पैसा, असं एक चित्र त्यातून उभं राहतं. अशी माणसं आहेत, नाही असं नाही. पण प्राधिकरणासाठी ज्यांच्या जमिनी १९७२ पासूनच्या पहिल्या काही वर्षांत संपादित झाल्या, त्यांना त्या वेळचा मोबदला मिळाला आणि संपादित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून त्यांच्या पुढच्या पिढीलाही झगडावं लागलं. २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं तेव्हाही तो प्रश्न शिल्लक होता. ज्या घराची जमीन अशी गेली आणि ज्या घराने आपली जमीन पुढे चढ्या भावाने विकली, ती दोन्ही घरं एकाच आळीत असतात, आडनावही पुष्कळदा एकच असतं. एकाचा मुलगा मोठ्या गाडीतून फिरतो, दुसऱ्याचा कुठल्याशा कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो. सोसायटीतल्या माणसाला गाडी दिसते. गेटवरचा माणूस त्याला गावचा वाटतच नाही.

इमोरी बोगार्डस यांनी १९२५ साली माणसामाणसांतलं अंतर मोजायची एक साधी पद्धत काढली. अमुक समूहातला माणूस तुम्हाला जवळचा नातेवाईक म्हणून चालेल का, मित्र म्हणून, शेजारी म्हणून, सहकारी म्हणून, नुसता नागरिक म्हणून, पाहुणा म्हणून, की देशातच नको, अशा सात पायऱ्या. पायऱ्या चढत गेलं की होकार कमी होत जातात. मोशीत ही मोजणी करायला गेलं तर पायऱ्यांचा क्रमच विस्कटतो. इथे पैशाचा व्यवहार अंतर ओलांडून जातो आणि तरी अंतर राहतं. ज्याच्याबरोबर एका मशीनवर आठ तास काम केलं त्याच्या खोलीवर चहाला जायचं नाही. ज्याला दहा वर्षं खोली भाड्याने दिली त्याच्या मुलाचं नाव माहीत नाही. घरात स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हातची पोळी रोज खायची, पण लिफ्टमध्ये त्या आधीपासून उभ्या असल्या की थोडं अवघडायचं. बोगार्डसच्या पायऱ्यांवर आपण सगळे बऱ्याच वरपर्यंत पोहोचलेले दिसू, आणि ते दिसणं फसवं असेल.

उलट बाजूची फसगत १९३४ साली रिचर्ड लापिएर यांनी दाखवली. एका चिनी जोडप्याबरोबर त्यांनी अमेरिकाभर प्रवास केला. चिनी लोकांविषयी तिथे तेव्हा उघड तिरस्कार होता. २५१ हॉटेलं आणि खाणावळींत ते गेले; त्यांना नाकारलं फक्त एका ठिकाणी. नंतर त्यांनी त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, चिनी पाहुणे चालतील का? ज्यांनी उत्तर दिलं त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त जणांनी कळवलं की चालणार नाहीत. समोर हसतमुख माणूस उभा असताना जे जमलं, ते कागदावर जमलं नाही.

आपल्याकडे आता कागदाचीच वेळ आधी येते. खोली हवी असेल तर पहिली भेट होते ती मोबाइलवरच्या जाहिरातीशी: फक्त फॅमिली, फक्त व्हेज, बॅचलर फोन करू नये. नोकरीतही तेच. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांचा. वरच्या जातीचं नाव असलेल्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता जास्त होती. दलित आणि मुस्लीम नावांना ती कमी. त्या कंपन्यांतले अधिकारी कुणाचा द्वेष करत होते असं यातून निघत नाही. त्यांनी कदाचित एका क्षणात, थकलेल्या दुपारी, ढिगातला एक कागद वर ठेवला आणि एक खाली. लापिएरच्या हॉटेलमालकासमोर निदान माणूस आला होता. खाली ठेवलेल्या कागदाचा माणूस समोर येतच नाही, म्हणून मत चुकल्याचं कधी कळतही नाही.

एकत्र राहिलं की आपोआप सगळं निवळतं, ही समजूत इंद्रायणीच्या काठी तरी कुणी बाळगू नये. तुकोबांच्या चरित्रपरंपरेत विरोधकांची दोन नावं ठळक आहेत. एक मंबाजी गोसावी, देहूतलेच, अगदी शेजारचे. दुसरे रामेश्वरभट्ट, वाघोलीचे विद्वान. शूद्राने मराठीत वेदार्थ सांगावा हे रामेश्वरभट्टांना मान्य नव्हतं, आणि तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची आज्ञा त्यांनीच दिली असं परंपरा सांगते. मंबाजींनी तुकोबांना काट्यांच्या फांदीने मारलं, असंही. संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत मंबाजींच्या जाचाविषयी लिहून ठेवलं आहे. त्या तुकोबांच्या शिष्या झाल्या आणि मंबाजींच्या झाल्या नाहीत, याचा राग त्यांच्या गायीवरसुद्धा निघाला. या दोघांपैकी आधी बदलले ते लांबचे रामेश्वरभट्ट. ते तुकोबांचे भक्त झाले, त्यांनी रचलेली तुकोबांची आरती आजही घराघरांत म्हटली जाते. शेजारी राहून रोज कीर्तन कानावर पडणारे मंबाजी पुष्कळ काळ विरोधातच राहिले.

परंपरा या बदलाचं श्रेय दृष्टांताला आणि तुकोबांच्या अभंगाला देते. श्रद्धेच्या त्या कथेला धक्का न लावता मला त्यात एक माणसाची गोष्टही दिसते. रामेश्वरभट्टांचा विरोध एका समजुतीवर उभा होता, आणि ती समजूत सोडल्याने त्यांचं पोट किंवा मान जाणार नव्हता. मंबाजींचं तसं नव्हतं. देहूत लोक त्यांच्याकडे यायचे ते तुकोबांकडे जायला लागले होते. तुकोबा चांगले आहेत हे मान्य करणं म्हणजे स्वतःचं स्थान गेल्याचं मान्य करणं. अशा माणसाला शेजार दिला तर तो शेजाऱ्यावर पाळत ठेवतो. मोशीतल्या कितीतरी कडू मतांच्या मुळाशी मला हेच दिसतं. नोकरी, पाणी, मतदारयादी, शाळेतला प्रवेश यांपैकी काहीतरी निसटेल ही भीती आधी असते, आणि ‘ते लोक तसेच’ हे नंतर तिच्या मदतीला येतं.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ च्या त्यांच्या पूर्वग्रहावरच्या ग्रंथात हे फार नेमकं मांडलं आहे. नुसत्या संपर्काने मतं बदलत नाहीत. त्या संपर्कात दोघांचा दर्जा सारखा हवा, दोघांना एकच गोष्ट साधायची हवी, ती एकमेकांच्या मदतीने साधायची हवी आणि वरच्यांची त्याला संमती हवी. पुढे पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतो असंच दिसलं, आणि या अटी असतील तर अधिक. उत्तर प्रदेशच्या खेड्यांत मॅट लो यांनी क्रिकेटचे सामने भरवून केलेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. १,२६१ तरुण. काहींना मिश्र जातींच्या संघात घातलं, काहींना एकाच जातीच्या. एका संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. दुसऱ्या जातीच्या मुलांविरुद्ध खेळलेल्यांची मैत्री उलट कमी झाली. मैदान तेच, चेंडू तोच. मोशीतही रिकाम्या प्लॉटवर टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, पण संघ बनतात ते आळीचे, गावकीचे, सोसायटीचे, म्हणजे आपापल्या लोकांचे.

आता ऑलपोर्टच्या त्या अटी लावून आपले रोजचे संबंध तपासावेत. घरमालक आणि भाडेकरू: दर्जा सारखा नाही. ठेकेदार आणि हेल्पर: नाहीच. पर्मनंट आणि कंत्राटी एकाच लाइनवर एकच गाडी जोडतात, काम सारखं, मदतही करावीच लागते. पण पगार वेगळा, अनेक ठिकाणी गणवेशाचा रंगही वेगळा. कामाने जोडलेलं नातं पगाराच्या चिठ्ठीवर तुटतं. सप्ताहाच्या आणि नागेश्वर महाराजांच्या उत्सवातल्या पंगतीत सगळे एका रांगेत बसतात, हे आपल्या गावाचं मोठं वैभव आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण वाढणारे हात बहुधा गावातलेच असतात. बाहेरून आलेला माणूस वर्षानुवर्षं जेवणाऱ्यांच्या रांगेत बसतो. त्याच्या हातात बादली आणि पळी द्यायची आपल्याला आठवण होत नाही, आणि जोवर ती दिली जात नाही तोवर तो पाहुणाच राहतो.

स्थान बदललं की नजर बदलते, याचा जवळचा दाखला कचऱ्यातून मिळतो. पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या ८१ एकरांच्या डेपोत येतो, आणि वारा फिरला की काय होतं हे इथल्यांना सांगायला नको. शहरातल्या पुष्कळांसाठी मोशी म्हणजे कचरा डेपो. गावाला चिकटलेलं हे मत तिथे राहणाऱ्यालाही चिकटतं, आणि त्यातही कचरा वेचणाऱ्या बाईला सर्वांत जास्त. चोर म्हणून तिला हुसकायचं, पोलिसांनी हटकायचं, ही रीतच होती. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढाव तिच्यामागे होते. संघटनेने या बायकांसाठी ओळखपत्रं केली आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी ती मान्य केली. लोकांना कुणी समजावत बसलं नाही. बाईच्या गळ्यात कार्ड आलं, तिच्यामागे संघटना आली. मग तिला ‘ए’ म्हणणाऱ्यांतले काही ‘ताई’ म्हणायला लागले. सगळे नाही.

२०२० च्या टाळेबंदीच्या उन्हाळ्यातही असंच काही क्षणभर दिसलं होतं. ज्यांनी नोकऱ्या अडवल्या असं म्हटलं जायचं ती माणसं पायी आणि श्रमिक रेल्वेने निघून गेली, आणि कारखाने त्यांची वाट बघत बसले. राज्य सरकारने घरमालकांना तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं. कुणी ते मानलं, कुणी नाही. काही घरांनी न सांगताच भाडं सोडलं आणि वर धान्य दिलं. पण त्या काळात बनलेली नाती टिकवायला पुढे काही उरलं नाही. लाइन सुरू झाली, पाळ्या लागल्या आणि जुन्या मतांना त्यांची जुनी जागा परत मिळाली. चांगुलपणा खरा होता, त्याला बसायला जागा नव्हती.

म्हणून या पुस्तिकेत मन मोठं करा असं सांगणारा लेख घेतलेला नाही. घेतलेले लेख आहेत ते भाडेकरारावर, कॅन्टीनवर, शाळेच्या बाकांवर, सोसायटीच्या सभेतल्या पाणीप्रश्नावर, भजनी मंडळातल्या नव्या माणसांवर. लिहिणाऱ्यांत घरमालक आहेत आणि भाडेकरूही, आणि त्यांनी एकमेकांचे लेख छापायच्या आधी वाचले आहेत. दोन ठिकाणी त्यांचं पटलेलं नाही. तिथे दोघांचं म्हणणं जसंच्या तसं ठेवलं आहे.

जातीवर वेगळा लेख नाही, याबद्दल विचारणा होईल. तो ठरवला होता. पण बाकीचे लेख हाती आले तेव्हा दिसलं की खोली मागताना, डबा लावताना, मुलाला शाळेत घालताना, सभेत बोलायला उभं राहताना, आडनाव विचारण्याचा प्रसंग प्रत्येकाने लिहिला आहे. काहींनी तो अर्ध्या वाक्यात उरकला आहे, काहींनी त्यावर पानभर लिहिलं आहे. विचारणारे आणि सांगणारे दोघेही या पानांत आहेत, आणि तो प्रसंग जिथे घडला तिथेच ठेवणं आम्हाला योग्य वाटलं.